लॉक लावलेली बंदूक आणि रिकामी बंदूक

काटोल-नरखेडकडे कुणाच्या जीपमध्ये बंदूक दिसली की मी आधी एकच विचारतो, "रिकामी आहे का?" आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "लॉक आहे ना भाऊ." मी विचारलं नळीबद्दल आणि उत्तर आलं चापाबद्दल. देणाऱ्याला मात्र आपण बरोबर उत्तर दिलं असंच वाटतं. लॉक आणि रिकामी हे दोन शब्द आमच्याकडे इतके एकमेकांत मिसळले आहेत की लायसन्स मिळून वीस वर्षं झालेली माणसंसुद्धा एकाच्या जागी दुसरा वापरतात.

आधी एक सांगून मोकळा होतो. शिकारीला जायची बंदूक कशी न्यावी, हा प्रश्न आपल्याकडे उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार आता गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. मी बोलतोय ते पीक राखायला लायसन्स घेतलेल्यांबद्दल, रानडुक्कर किंवा रोहीसाठी (नीलगायीसाठी) वनखात्याची लेखी परवानगी हातात असलेल्यांबद्दल आणि रेंजवर नेमबाजीला जाणाऱ्यांबद्दल. या सगळ्यांची बंदूक कधी ना कधी गाडीत चढते, आणि वावरात जायचं म्हणजे गाडी डांबर सोडून पांदणीला लागतेच.

लॉक म्हणजे चाप दाबला तरी बार होऊ न देणारी कळ, हे तुम्हाला माहीत आहे. ३१५ला, म्हणजे त्या बोअरच्या रायफलला, मागे डाव्या अंगाला छोटी कळ असते, बाराबोअरला, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीला, दस्त्याच्या मानेवर अंगठ्याखाली सरकणारं बटण असतं. त्यात वेळ घालवत नाही.

रिकामी म्हणजे काय, हे मात्र तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालत नाही. मागच्या तुरीच्या वेळची गोष्ट सांगतो. काकांसोबत जागल करून पहाटे परत निघालो होतो. बोलेरो मी चालवत होतो, भाचा मागच्या सीटवर पेंगत होता. काकांची ३१५ पुढच्या दोन सीटांच्या मधून मागे टेकवलेली होती, नळी मागच्या बाजूला. निघायच्या आधी मी विचारलं. काका म्हणाले, "मॅगझीन काढली न बाबू, लॉकबी हाये." मग चाकोऱ्यांतून, ढेकळांवरून आदळत आम्ही चार किलोमीटर आलो. अंगणात उतरून मी लॉक काढलं, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढला, आणि पितळेचं एक काडतूस उडून गाडीच्या पायपुसण्यावर पडलं. त्याची बुडाची टोपी शाबूत होती, म्हणजे ते न उडालेलं होतं. सगळ्या रस्ताभर त्या नळीचं तोंड भाच्याच्या गुडघ्याकडे होतं.

काका खोटं बोलले नव्हते. मॅगझीन खरंच त्यांच्या खिशात होती आणि लॉकही खरंच लागलेलं होतं. एवढं असूनही बंदूक भरलेली होती.

मॅगझीन म्हणजे पुढच्या गोळ्यांचं कोठार. एकदा बोल्ट पुढे ढकलला की वरची गोळी कोठारातून निघून नळीत जाऊन बसते. तिचा कोठाराशी संबंध तिथेच संपतो. नंतर मॅगझीन काढा, फेका, घरी विसरा, नळीतली गोळी नळीतच राहते. बंदूक रिकामी आहे की नाही हे ठरतं ते नळीच्या मागच्या टोकावर, जिथे काडतूस बसतं. तिथे काही नसेल तर बंदूक रिकामी, असेल तर भरलेली.

याच्या उलटी चूकही मी पाहिली आहे, आणि ती अशी माणसं करतात ज्यांना नळीचं भान आहे. ते आधी बोल्ट ओढून नळीतली गोळी काढतात, समाधानाने बोल्ट परत लावतात आणि मग मॅगझीन उतरवतात. बोल्ट परत लावताना त्याने कोठारातली दुसरी गोळी उचलून नळीत नेऊन ठेवलेली असते. म्हणजे रिकामी करता करता पुन्हा भरली. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी मॅगझीन, मग बोल्ट. आणि बोल्ट उघडल्यावर नुसतं बघून भागवू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात नळीचा मागचा भाग काळाच दिसतो. करंगळी आत घालून बघा. पितळ लागतं की मोकळी पोकळी लागते, हे बोटाला लगेच कळतं.

लोकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. ली-एनफिल्ड धाटणीच्या रायफलमध्ये, आणि आपल्याकडची ३१५ त्याच घराण्यातली, लॉक लागलेलं असेल तर बोल्ट उघडतच नाही. म्हणजे बंदूक रिकामी करायची तर लॉक काढावंच लागतं. यात दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात. ज्या माणसाला लॉक हीच सुरक्षितता वाटते, तो लॉक काढायला घाबरतो आणि म्हणून रिकामी करायचं टाळतो. शिवाय या धाटणीत मॅगझीन सोडायची कळ चापाच्या कडीच्या आतच, चापाच्या जरा पुढे असते. त्यामुळे मॅगझीन लॉक लागलेलं असतानाच काढा. मग नळी मऊ मातीकडे धरून लॉक काढा आणि बोल्ट उघडा. हे सगळं गाडीच्या बाहेर उभं राहून करायचं. सीटवर बसून, दार अर्धं उघडून करायचं हे काम नाही.

बाराबोअरवाले इथपर्यंत वाचून निवांत बसले असतील, कारण त्यांच्याकडे मॅगझीन नाही. पण लॉकवर अति भरवसा ठेवायचं खरं घर तीच बंदूक आहे. बाराबोअरच्या बहुतेक दुनळींतले घोडे आत असतात, दिसत नाहीत. घोडा म्हणजे टोपीवर आपटतो तो, चाप वेगळा. बंदूक बिजागरीवर मोडून उघडली की हे दोन्ही घोडे आतल्या आत चढतात, आणि बंद केल्यावर ताणलेल्या स्प्रिंगसकट चढलेलेच राहतात. एका बारक्या खाचेत अडकलेली कडी त्यांना धरून असते. अंगठ्याखालचं बटण बहुतेक साध्या दुनळींत फक्त चापाला अडवतं, घोड्याला नाही. खाच झिजलेली असेल, आत तेल आणि धूळ मिळून चिखल झाला असेल, आणि गाडी नाल्यातून वर चढताना बंदूक लोखंडावर आपटली, तर कडी सुटू शकते. मग चाप जागचा न हलताही बार होतो. महागड्या विलायती बंदुकांत अशा वेळी घोडा अडवणारी दुसरी कडी असते. आपल्या गावांतल्या बंदुका त्या नसतात.

त्यात कित्येक दुनळींचं लॉक आपोआप लागतं. बंदूक मोडली, काडतुसं घातली, बंद केली, की बटण मागेच आलेलं असतं. म्हणजे भरलेली बंदूकसुद्धा दिसताना लॉक लागलेलीच दिसते. ते बटण पाहून "कुणीतरी काळजी घेतलेली आहे" असं समजू नका. ते कुणी हेतूने लावलेलंच नसतं.

हे बटण सरकायला हाताचीही गरज लागत नाही. पोत्याच्या तोंडाशी, सीटबेल्टच्या पट्ट्याशी, टॉर्चच्या दोरीशी घासून ते पुढे जातं. डांबरी रस्त्यावर कदाचित जाणार नाही. पांदणीत जाईल.

म्हणून माझ्यापुरता नियम साधा आहे. गाडी चालू असताना बंदूक रिकामी, आणि रिकामी म्हणजे नळी रिकामी. लॉक लागलं आहे की नाही, हे मी त्यानंतर विचारतो. दुनळी असेल तर ती मोडून ठेवा, नाहीतर सरळ नळी, नळीखालचं लाकूड आणि दस्ता वेगळे करा. तिन्ही भाग छोट्या पेटीत बसतात आणि मग वादच उरत नाही. ३१५चा बोल्ट काढून रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात ठेवा. मात्र घरात दोन रायफली असतील तर त्यांचे बोल्ट एकमेकांत बदलू देऊ नका. ते ज्या रायफलला बसवलेले असतात, तिचेच असतात.

"पण भाऊ, डुक्कर थांबते काय आपल्यासाठी?" हे मला दर हंगामात ऐकायला मिळतं. गाडीतून उतरून दोन काडतुसं घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात डुक्कर पळालं तर पळू द्या. चालत्या गाडीतून गोळी झाडायची नसतेच, मग चालत्या गाडीत ती नळीत कशाला हवी? अमेरिकेत, जिथे शिकारीला रीतसर परवाने मिळतात, तिथेही कित्येक राज्यांत वाहनात भरलेली लांब बंदूक ठेवणं बेकायदा आहे.

खूण म्हणून एक गोष्ट करा. रायफल-पिस्तूलच्या नेमबाजी स्पर्धांत बंदुकीच्या नळीत भडक नारिंगी रंगाची दोरी किंवा झेंडी घालावीच लागते. ती दिसली की पंचाला लांबूनही कळतं की आत काडतूस नाही, कारण दोघं एका जागी मावत नाहीत. आपल्याकडे गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घराघरात पडलेली आहे. भडक रंगाची असेल ती निवडा. तिचा नळीहून वीतभर लांब तुकडा नळीत मागून पुढपर्यंत घाला, दोन्हीकडून थोडा बाहेर दिसू द्या. मग कुणाला काही विचारावं लागत नाही. मी आता "लॉक आहे" हे उत्तर ऐकूनच घेत नाही, दोरी दाखवा म्हणतो.

ठेवायची कुठे, यावर लोक फार वेळ घालवतात आणि त्याचं उत्तर सोपं आहे. कडक पेटी असेल तर उत्तम, नसेल तर जाड अस्तराचं कव्हर चालेल. सीटमागे आडवी ठेवा आणि बांधा. दस्ता दाराकडे ठेवा, म्हणजे दार उघडलं की हातात दस्ता येतो. नळी धरून बंदूक स्वतःकडे ओढण्याइतकी वाईट सवय दुसरी नाही, आणि ती रिकाम्या बंदुकीलाही करू नका. दोन गुडघ्यांत उभी धरून बसायचं, नळीचं तोंड बुटावर टेकवायचं, हे पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. टपावरच्या कॅरिअरला तर मी कधीच बांधू देणार नाही. धूळ, पाऊस, फांद्या, आणि वर सगळ्या गावाला दर्शन. तोंडात मातीचं ढेकूळ अडकलेली नळी पुढच्या बाराला फुगते किंवा फाटते, म्हणून तोंडावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा.

काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा, मोजून घ्या, मोजून परत ठेवा. काकांकडची त्या रात्री मोजली असती तर पाचाच्या जागी चारच भरली असती आणि पाचवं कुठे आहे हे तिथेच कळलं असतं. मे महिन्यात गाडी उन्हात उभी करून काडतुसं आत सोडू नका. उन्हाने ती उडत नाहीत, पण वारंवार तापून आतली दारू खराब होते.

कायद्याचा भाग थोडक्यात. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक तिच्यासाठी बनवलेल्या आवरणात, पूर्ण झाकलेली हवी, आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. म्हणजे मनसरला तर्री-पोहे खायला सगळे उतरले आणि पेटी गाडीत एकटी राहिली, हे चालत नाही. एकाने थांबावं. लायसन्सवर कुठला इलाका लिहिला आहे तेही निघण्याआधी वाचा. जबलपूर रस्त्यावर खवासा आलं की मध्य प्रदेश लागलेला असतो, आणि महाराष्ट्रापुरतं लायसन्स तिथे कामाचं नाही. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, ते रिकामं असलं तरी. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या कडेच्या गावचे असाल तर रस्ता कुठून जातो ते आधी वनरक्षकाला विचारून घ्या. रात्रीची जीप, मोठे दिवे आणि आत नळीत गोळी असलेली बंदूक, हे वनखात्याच्या माणसाला काय दिसेल याचा विचार करा. गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा होतं, तेही त्याच १९७२च्या कायद्यात आहे.

घरी आल्यावर बंदूक कव्हरमध्ये पडू देऊ नका. पावसाळ्यात अस्तर ओल धरून ठेवतं आणि रात्रभरात नळीवर गंज चढतो. बाहेर काढा, करंगळीने पुन्हा एकदा बघा, गजावर कोरडं फडकं चढवून नळी पुसा, तेलाचा हात फिरवा. काका आता हे माझ्याआधी करतात. त्यांची नारिंगी दोरी बोलेरोच्या आरशाला टांगलेली असते, आणि ती तिथून उतरून नळीत गेल्याशिवाय भाचा गाडीत चढत नाही.