गीतेवर हात? कोर्ट नाक्यावर येऊन बघा

ठाण्यात कोर्ट नाक्यावर पहिल्यांदा साक्षीला येणारा माणूस हमखास विचारतो, "वकीलसाहेब, गीतेवर हात ठेवावा लागेल ना?" नाही. सिनेमाने डोक्यात बसवलेलं हे खूळ आहे. गंगाजल-कुराणावरच्या शपथा कायद्याने 1840 मध्येच बंद केल्या. आज शपथ अधिनियम, 1969 लागू आहे आणि त्यात ग्रंथाचा उल्लेखच नाही. पिंजऱ्यात उभं राहायचं आणि खरं सांगेन, पूर्ण सत्य सांगेन, सत्याखेरीज काही सांगणार नाही, असं म्हणायचं. देवाचं नाव नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, वजन तेवढंच.

यातूनच दुसरी, जास्त घातक समजूत निघते: शपथ राहून गेली की खोटं बोलायला मोकळीक! कलम 7 म्हणतं, शपथ राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही. कलम 8 नुसार खरं बोलणं तरीही बंधनकारकच. आरोपीला मात्र शपथ देत नाहीत. तो स्वतःच बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला तर गोष्ट वेगळी.

न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. न वाचता सही ठोकलेलं प्रतिज्ञापत्रही यात अडकवू शकतं, आणि नाक्यावर अशा सह्या रोज होतात. अर्थात, साक्षीदार फितूर झाला की लगेच बेड्या, असंही नाही. कारवाई न्यायहिताची आहे असं न्यायालयाला वाटावं लागतं, आणि लेखी तक्रार न्यायालयाकडूनच जावी लागते.