फोन अपडेट मागतो तेव्हा: ठिगळ कोणतं आणि नवं कापड कोणतं

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते. वय 71, शाळेतून निवृत्त. पेन्शन जमा झाली का ते फोनवर बघते, दूधवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांना पैसेही फोनवरूनच देते. मागे एकदा तिच्याकडे गेले तेव्हा फोनवर अपडेटची सूचना आली होती आणि आत्या ती बोटाने बाजूला सारत होती. रोजच सारते म्हणाली. "नको गं ते अपडेट. दादाच्या फोनचं काय झालं, बघितलंस ना?"

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मोठं अपडेट घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या फोनच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली ती कायमची. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वॉरंटी संपल्याचं सांगून हात वर केले. त्यातच जेलरोडवरच्या एका दुकानदाराने आत्याला बजावलं होतं, "आंटी, अपडेट मत करना, फोन स्लो हो जाएगा." झालं. दीड वर्ष या घरात अपडेट बंद.

आत्याची भीती खोटी नाही. पण ती भीती एका गोष्टीने दिलेली आहे आणि आत्या तिची शिक्षा दुसऱ्याच गोष्टीला देते आहे. फोन दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने मागतो. सूचना तीच, "इन्स्टॉल करा" हे बटण तेच. एक असतं सिक्युरिटी अपडेट, ज्याला पॅच म्हणतात, आणि दुसरं व्हर्जन अपडेट, म्हणजे फोन चालवणाऱ्या गूगलच्या अँड्रॉइड या प्रणालीचं 13 चं 14 होणं.

पॅच या शब्दाचा अर्थच ठिगळ. कापड तेच, रंग तोच, फक्त जिथे भोक पडलं होतं तिथे टाका घातलेला. पॅच घेतल्यावर फोन दिसायला जसाच्या तसा राहतो, म्हणून काही घडलं असं वाटतच नाही. व्हर्जन अपडेटमध्ये कापडच बदलतं. बटणांच्या जागा, सेटिंग्जची मांडणी, बॅटरी वापरण्याची रीत, सगळंच. आणि ते कापड बहुतेक वेळा या वर्षीच्या ताकदवान फोनचं माप घेऊन बेतलेलं असतं, तीन वर्षांपूर्वीच्या फोनचं नव्हे.

मापाचा हा प्रश्न कोर्टकचेरीपर्यंत गेलेला आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने सॅमसंगला 50 लाख युरो आणि अ‍ॅपलला 1 कोटी युरो दंड केला. सॅमसंगने 2014 च्या गॅलेक्सी नोट 4 वर अँड्रॉइड मार्शमेलो (म्हणजे अँड्रॉइड 6) घ्यायला ग्राहकांना सतत भाग पाडलं, आणि ते सॉफ्टवेअर नोट 7 साठी बेतलेलं होतं, हा त्यातला एक ठपका. अ‍ॅपलवर आयफोन 6 च्या बाबतीत असाच ठपका होता. डिसेंबर 2020 च्या शेवटी शाओमीच्या एमआय ए3 वर अँड्रॉइड 11 आलं आणि कित्येकांचे फोन पुन्हा चालूच झाले नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये अँड्रॉइड 14 घेतलेल्या काही पिक्सेल फोनवर, जिथे एकाहून जास्त वापरकर्ते नोंदवलेले होते तिथे, लोकांना आपलेच फोटो उघडता येईनात. तेव्हा "अपडेटने फोन बिघडतो" असं म्हणणारा दुकानदार अनुभवाचं बोलतो. त्याच्याकडे आठवड्याला असे फोन येत असणार.

हिरव्या रेघेबद्दल एक सांगते, कारण ते आम्हाला वेळेत कळलं असतं तर दादाचे पैसे वाचले असते. ती रेघ म्हणजे अ‍ॅमोलेड स्क्रीनचा हार्डवेअर दोष. सॉफ्टवेअर परत टाकून ती जात नाही. भारतात अपडेटनंतर रेघ आल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या, की काही कंपन्यांनी ठरावीक जुन्या मॉडेलांचे स्क्रीन वॉरंटी संपल्यावरही मोफत बदलून दिले. कोणाच्या फोनला रेघ आली असेल तर दुकानात पैसे मोजण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी सवलत आहे का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला जरूर विचारा.

फोन मंद होण्यामागेही दोन वेगळी कारणं असतात. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी अ‍ॅप नव्या व्हर्जनसाठी पुन्हा तयार करतो, त्यामुळे एक-दोन दिवस तापतो आणि अडखळतो. हे आपोआप निवळतं. दुसरं कारण बॅटरी. 2017 च्या सुरुवातीला आलेल्या आयओएस (आयफोन चालवणारी प्रणाली) 10.2.1 मध्ये अ‍ॅपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नव्हती आणि फोन अचानक बंद पडत होते, म्हणून. ग्राहकांना हे स्पष्ट सांगितलंच नाही. कबुली आली त्या डिसेंबरमध्ये. नवी बॅटरी घातली की तेच फोन पूर्ववत पळत होते. लोकांचा विश्वास उडाला तो अशा लपवाछपवीमुळे, आणि तो उडाला यात लोकांची चूक नाही.

आता ठिगळाकडे येऊ. माझं सगळं म्हणणं इथे आहे.

2015 च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ हाताळणाऱ्या भागाचं हे नाव. त्यातलं भोक असं, की हल्लेखोराला फक्त तुमचा मोबाइल नंबर पुरे. त्याने एमएमएसमधून खास बनवलेला व्हिडिओ पाठवला, की तुम्ही तो उघडण्याआधीच फोन स्वतःहून तो वाचायला घेई आणि तिथेच काम तमाम. ज्या कंपनीने हे शोधलं तिचा अंदाज होता की सुमारे 95 कोटी फोन या तडाख्यात येतात. त्यानंतरच, ऑगस्ट 2015 पासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या काढायची पद्धत सुरू केली. आज तुमच्या फोनवर येणारा पॅच त्याच मालिकेतला.

या मासिक दुरुस्तीची एक दुसरी बाजू आहे आणि ती फार कमी सांगितली जाते. दुरुस्ती जाहीर झाली, की भोक कुठे होतं हेही जाहीर होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून काय बदललं ते जाणकाराला ताडता येतं, आणि ज्यांनी पॅच घेतलेला नाही त्यांच्या फोनमध्ये कुठून शिरायचं तेच त्याला कळतं. म्हणजे अपडेट न घेणारा फोन होता तिथेच राहतो असं नाही. आपल्या हातातला फोन तसूभर बदलत नाही, तरी दर महिन्याला त्याच्याबद्दल बाहेर जास्त माहिती होत जाते. आत्याने अशा अठरा महिन्यांच्या याद्या बाजूला सारल्या होत्या.

मी तिच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "फोनबद्दल" उघडलं. तिथे अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवलं की दोन ओळी दिसतात. एका ओळीत व्हर्जन, तिच्या फोनवर 13. खाली सुरक्षा अपडेटची तारीख, ऑक्टोबर 2023. या तारखेत दिवस बहुधा 1 किंवा 5 असतो. 1 तारखेच्या पॅचमध्ये मुख्यतः अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागातल्या दुरुस्त्या असतात. 5 तारखेच्यात त्या सगळ्या आणि शिवाय कर्नल (प्रणालीचा गाभा), चिप वगैरेंच्या. मला विचाराल तर या दोन ओळींपैकी तारखेचीच ओळ वाचायची. फोन जुना झाला की नाही हे आपण व्हर्जनच्या आकड्यावरून ठरवतो आणि तिथेच फसतो.

का, ते एका फोनवरून बघा. आयफोन 5एस 2013 मधला. त्याला मिळालेलं शेवटचं मोठं व्हर्जन आयओएस 12, 2018 मधलं. पण त्याच फोनला जानेवारी 2023 मध्ये 12.5.7 हा पॅच मिळाला, एका गंभीर त्रुटीवर टाका घालणारा. कापड जुनं, पण रफू करणारा अजून येत होता. याउलट आत्याचा फोन. व्हर्जन त्या मानाने नवं, दिसायला चकचकीत, पण दीड वर्ष एकही टाका नाही. 2023 च्या जानेवारीत तो 5एस जितका सांभाळलेला होता, तितका आत्याचा फोन त्या दिवशी नव्हता.

म्हणून व्हर्जन अपडेट लांबवलं तर चालतं, पॅच लांबवू नये. पॅचमध्येही गडबड कधीच होत नाही असं नाही. सप्टेंबर 2014 मध्ये आयओएस 8.0.1 हे दुरुस्तीचंच अपडेट होतं, आणि ते घेतल्याबरोबर आयफोन 6 चं नेटवर्कच गेलं. अ‍ॅपलने तासा-दीड तासात ते मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त अपडेट दिलं. त्यामुळे पॅच आला की मी तीन-चार दिवस थांबते, तेवढ्यात ओरड झाली तर कळतं. व्हर्जनसाठी महिना-दोन महिने थांबते.

पण व्हर्जनला कायमचा नकारही देता येत नाही. कंपनीने तुमच्या मॉडेलला अँड्रॉइड 14 दिलं, की पुढचे पॅच सहसा 14 साठीच येतात. खुद्द गूगलने अँड्रॉइड 12 साठीच्या दुरुस्त्या मार्च 2025 मध्ये थांबवल्या. व्हॉट्सअ‍ॅपला मे 2025 पासून आयफोनवर किमान आयओएस 15.1 लागतं. क्रोम या ब्राउजरचं 139 वं व्हर्जन अँड्रॉइड 10 च्या खाली चालत नाही, आणि ब्राउजरला दुरुस्त्या मिळणं बंद झालं की फोनचा सर्वांत उघडा दरवाजा राखणीशिवाय राहतो.

आलेलं अपडेट कोणतं हे ओळखायचं कसं? सूचनेवर सारून टाकण्याऐवजी एकदा बोट ठेवा. आकार शे-दोनशे ते चार-पाचशे एमबी असेल आणि मजकुरात सुरक्षेचा उल्लेख असेल तर तो बहुधा पॅच. दीड-दोन जीबी किंवा जास्त असेल आणि नव्या व्हर्जनचा आकडा लिहिलेला असेल तर ते नवं कापड. काही कंपन्या दोन्ही एकत्र बांधून देतात, तेव्हा आकडाच बघायचा. प्ले स्टोअरमधून येणारी अ‍ॅपची अपडेट या दोन्हींहून निराळी, ती डोळे मिटून घ्यावीत.

आणि यातलं कोणतंही अपडेट एसएमएसमधल्या लिंकवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल बनून येत नाही. वेबसाइटवर "आपका फोन पुराना हो गया है" असं लाल अक्षरात आलं तर ते बंद करा. लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, आपण स्वतः उघडून परवानग्या दिल्या, तर कालचाच पॅचसुद्धा वाचवू शकत नाही, कारण तिथे चोर भोकातून शिरत नाही, आपण दार उघडतो. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. पहिले काही तास मोलाचे असतात.

मला सर्वांत जास्त टोचते ती आपल्या घराघरांतली एक रीत. मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईवडिलांना देतो. प्रेमानेच देतो. पण तो जुना झालेला, पॅच बंद झालेला फोन नेमका अशा माणसाच्या हातात जातो ज्याची पेन्शन त्यात येते, जन्मभराची ठेव त्याच बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसते, आणि खोटा मेसेज ओळखण्याचा सराव ज्याला सर्वांत कमी आहे. द्यायचाच असेल तर उलट करा. पॅच येणारा फोन आईला द्या. पॅच बंद झालेल्या फोनमधून बँक आणि यूपीआय काढून टाका आणि तो गाणी-भजनं ऐकायला ठेवा. नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण सगळे विचारतो. पॅच किती वर्षं मिळणार, हेही विचारा. गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनांना त्याहून बराच कमी काळ मिळतो, म्हणून तिथे हा प्रश्न जास्तच गरजेचा.

आत्याच्या फोनवर थांबलेलं अपडेट 340 एमबीचं निघालं. पॅच. आधी फोटोंचा बॅकअप घेतला, फोन चार्जिंगला लावला, वायफाय जोडलं. तोवर तिने पोहे केले. पंचवीस मिनिटांत फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आत्याने चष्मा लावून आधी स्क्रीन वरपासून खालपर्यंत न्याहाळली, मग दूधवाल्याला एक रुपया पाठवून बघितला. गेला. तारखेची ओळ बदललेली मी तिला दाखवली.

तासाभराने दुसरी सूचना आली. 2.1 जीबी, अँड्रॉइड 14. "आणि हे?" तिने विचारलं. हे व्हर्जन येऊन बरेच महिने झाले होते, सुरुवातीच्या खोड्या निस्तरलेल्या होत्या, तेव्हा घ्यायला हरकत नव्हती. पण तिच्या फोनमध्ये जेमतेम तीन जीबी जागा उरली होती, बाकी सगळी सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरलेली. म्हटलं, आधी ती काढू, दादा आला की मग हे करू. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात दादा येणार त्या तारखेला "फोन 14" असं लिहिलं, आणि पुढची पानं उलटत प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेला पेन्सिलीने एक बारीक फुली मारत गेली.