हुंकार देणारं माणूस

कारवीवरचा लेख द्यायचा होता. सह्याद्रीतली ही झुडपं साधारण सात वर्षांतून एकदा फुलतात, अख्खे डोंगरउतार जांभळे करून टाकतात आणि बी धरलं की मरून जातात. माहिती गोळा झाली होती, वही भरली होती. दिवाळी अंकाच्या संपादकांना दिलेली तारीख तीन दिवसांवर आली होती आणि माझ्या हाती होता एक परिच्छेद. तोही चार दिवस खोडून पुन्हा पुन्हा लिहिलेला. ‘एकदाच फुलून मरणाऱ्या वनस्पतींमध्ये’ अशी सुरुवात असलेलं पहिलं वाक्य काही केल्या सरळ बसत नव्हतं आणि ते बसल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, असं मी धरून बसले होते.

त्या संध्याकाळी एका मैत्रिणीचा फोन आला. ती अनुवाद करते, वनस्पतिशास्त्राशी तिचा काही संबंध नाही. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते वाक्य राहू दे गं. मला एवढंच सांग, ती कारवी सात वर्षं कशाची वाट बघते?”

मी सांगायला लागले. दरवर्षी थोडं थोडं बी पडलं तर उंदीर, पाखरं, किडे ते फस्त करतील. सगळ्या डोंगरानं मिळून एकाच हंगामात बी टाकलं तर खाणाऱ्यांची पोटं भरूनही बी उरतं, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. ती मधूनमधून ‘हं’ म्हणत होती, ‘मग?’ विचारत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, “हेच लिही. मी ठेवते.” लेख त्याच रात्री उभा राहिला. वहीतली चार दिवसांची खोडाखोड तशीच मागे राहिली.

तिनं मला एकही नवी माहिती दिली नव्हती, एकही वाक्य सुचवलं नव्हतं. मग सुटलं ते काय? हा प्रश्न मनात राहिला आणि मी लेखन अडण्यावरचं संशोधन वाचायला घेतलं.

‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव रूढ केलं एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकांनी, १९४०च्या दशकात. ते मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले. या अडण्याचं मूळ त्यांना बाळपणी आईशी जडलेल्या नात्यातल्या गाठींमध्ये दिसलं. आज ते स्पष्टीकरण फारसं कुणी धरत नाही, पण ‘अडलेला लेखक म्हणजे आतून काहीतरी बिघडलेला माणूस’ ही समजूत मात्र मागे उरली. ती मला नुकसानकारक वाटते, कारण असं मानणारा माणूस कुणाकडे मदत मागायलाच जात नाही.

माइक रोझ यांनी १९८०मध्ये वेगळी वाट धरली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांशी ते बोलले. त्यांतले पाच जण लिहिताना अडायचे, पाच जण अडायचे नाहीत. दोन्हीकडची मुलं हुशारच होती. फरक निघाला तो त्यांच्या मनातल्या नियमांमध्ये. एका विद्यार्थिनीला वाटायचं की प्रत्येक वाक्य पहिल्या फटक्यात व्याकरणशुद्ध उतरलंच पाहिजे, त्यामुळे तिचे तासन् तास पहिल्या परिच्छेदात जायचे. दुसरी लिहिण्याआधी इतका गुंतागुंतीचा आराखडा काढायची की दिवस त्यातच संपायचे आणि एवढं सगळं छोट्या निबंधात कसं बसवायचं हे तिला कळेनासं व्हायचं. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते सैल होते. नियम जुळेना तर ही मुलं तो सोडून द्यायची. वाचताना मला माझं कारवीचं पहिलं वाक्य आठवलं. माझा नियम तोच होता आणि तो मी स्वतःशी कधी उच्चारलाही नव्हता. फोनवर दुसऱ्या माणसाला सांगितल्यावर पहिल्यांदा कळलं की हा नियम आहे, आणि तो मोडता येतो.

पण नियम सोडला म्हणून लगेच लिहिता येतं असं नाही. लिहिणं मुळातच मेंदूला जड जाणारं काम आहे. फोन नंबर ऐकून कागदावर उतरवेपर्यंत आपण तो डोक्यात धरून ठेवतो ना, त्या धरून ठेवणाऱ्या आणि त्याच वेळी त्यावर काम करणाऱ्या यंत्रणेला कार्यकारी स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४मध्ये तिची मांडणी केली. तिची जागा फार तोकडी असते. लिहिताना त्या एवढ्याशा जागेत पुढचा मुद्दा, आत्ताचं वाक्य, मागे काय लिहिलं याचं भान, शब्दांची निवड, शुद्धलेखन आणि ‘वाचणाऱ्याला हे कळेल का’ ही शंका, सगळे एकदम घुसतात.

रोनाल्ड केलॉग यांनी हा भार मोजायची साधी युक्ती वापरली. माणूस लिहीत असताना अधूनमधून एक आवाज करायचा आणि तो ऐकल्याबरोबर त्यानं प्रतिसाद द्यायचा. मन जितकं गुंतलेलं, तितका प्रतिसादाला उशीर. मजकूर रचताना होणारा उशीर निघाला साधारणपणे पुढची चाल शोधणाऱ्या कसलेल्या बुद्धिबळपटूइतका. वाचताना तो बराच कमी असतो.

आता समोर ऐकणारं माणूस आहे असं धरा. शुद्धलेखनाचा प्रश्नच उरत नाही. सुंदर वाक्याची अपेक्षा नसते. ‘कळेल का’ या शंकेचं उत्तर समोरच्या ‘हं’मधून किंवा ‘म्हणजे?’मधून तिथल्या तिथे मिळतं. त्या तोकड्या जागेतले तीन-चार भाडेकरू बाहेर पडतात आणि मुद्द्याला हातपाय पसरायला जागा होते.

कॅनडात कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डमालिया यांनी शाळकरी मुलांच्या लेखनाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं एक निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बोलताना मूल भरभरून बोलतं, कारण समोरचा माणूस आपल्या नजरेनं, प्रश्नांनी त्याला पुढे ढकलत असतो. कागद तसं करत नाही. म्हणून ‘संपलं’ म्हणणाऱ्या मुलांना त्यांनी फक्त ‘आणखी थोडं लिही’ असं सांगून पाहिलं. विषयाबद्दल एक अक्षर सुचवलं नाही. तरी मुलांनी बरीच भर घातली. सांगण्यासारखं आत होतं, बाहेरून हाक यायची राहिली होती.

आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. अंधारात पडल्या पडल्या आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्हा पोरांपैकी एकानं ‘हूं’ म्हणत राहायचं असा तिचा दंडक होता. हूं थांबलं की गोष्ट थांबली. शाहिरामागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात तेव्हा सुराला साथ मिळतेच, शिवाय शाहिराला श्वास घ्यायला आणि पुढची ओळ जुळवायला क्षणभर उसंतही मिळते. जात्यावर दोघी बसायच्या, एकीची ओवी दुसरी उचलायची. लेखणी हाती आल्यावर सांगणारा एकटा पडला आणि हुंकार हरवला. माझ्या मते लेखन अडण्यातलं बरंचसं दुखणं या एकटेपणातलं आहे.

सोबतीचा दुसरा उपयोग मात्र अगदी रोखठोक आहे. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञांनी लिहिताना अडलेल्या २७ प्राध्यापकांवर केलेला प्रयोग १९८३मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ जणांना सांगितलं, अगदीच निकड नसेल तर काही आठवडे लिहूच नका. नऊ जणांना सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. उरलेल्या नऊ जणांवर रोजची सक्ती होती, आणि ठरलेली पानं झाली नाहीत तर त्यांना मनापासून नावडणाऱ्या संस्थेला त्यांच्याच पैशांचा चेक जाणार होता. सक्तीच्या गटानं दिवसाला सरासरी ३.२ पानं लिहिली, मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांनी ०.९, न लिहिणाऱ्यांनी ०.२. यात नवल नाही. नवल पुढे आहे. नव्या कल्पना कुणाला किती सुचतात याचीही नोंद ठेवली होती. सक्तीच्या गटाला साधारण रोज एक सुचत होती, मर्जीनं लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि न लिहिणाऱ्यांच्या वाट्याला पाच दिवसांत एक.

१९८९मध्ये बॉइस यांनी नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकांचं निरीक्षण मांडलं. नेहमीच्या सवयीनं अधूनमधून लिहिणाऱ्यांची वर्षाला सरासरी १७ पानं झाली. रोज थोडं लिहून त्याची नोंद ठेवणाऱ्यांची ६४. रोज लिहून, नोंद ठेवून, शिवाय दर आठवड्याला ती नोंद कुणालातरी दाखवणाऱ्यांची १५७. हे गट लहान होते, माणसं विद्यापीठातली होती, त्यामुळे कवी-कादंबरीकारांना हेच आकडे लावण्यात अर्थ नाही. पण ६४ आणि १५७ यांच्यामधली ती आठवड्याची भेट मला फार बोलकी वाटते.

पुण्यात १९२३मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही मंडळी रविवारी चहाला जमायची आणि कविता वाचायची. त्या कवितांच्या गुणदोषांवर भरपूर लिहून झालंय. माझं लक्ष जातं ते त्या रविवाराकडे. ठरलेला वार, ठरलेली माणसं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही ही आतली ओढ.

अर्थात चारचौघे जमले की लेखणी सुटतेच असं नाही. एकत्र बसून मोठ्यानं कल्पना सुचवण्याची जी पद्धत कार्यालयांमध्ये रुळली आहे, तिची परीक्षा येल विद्यापीठात १९५८मध्ये झाली. चौघांच्या गटाला जितक्या कल्पना सुचल्या, त्याच्या जवळपास दुप्पट चार सुट्या माणसांच्या मिळून निघाल्या. दुसरा बोलत असताना आपली कल्पना धरून ठेवावी लागते आणि तेवढ्यात ती निसटते. म्हणून सोबत लिहायचं तर गप्प बसून लिहावं, बोलणं आधी किंवा नंतर.

आणि अभिप्राय? इथे सगळ्यात जास्त जपायला हवं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६मध्ये अभिप्रायाचे ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीनं अभिप्राय उपयोगी ठरतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्यानं काम आणखी बिघडलं होतं. कामावरचं लक्ष हटून ते ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाचा गुण जातो. नुसती निंदाच नाही, ‘तू किती छान लिहितेस’ हे कौतुकही तिकडेच नेतं. अडलेल्या लेखकाचं लक्ष आधीच स्वतःवर खिळलेलं असतं, त्यात ही भर कशाला? अमेरिकेतले लेखनशिक्षक पीटर एल्बो तरुणपणी स्वतः लिहिताना अडून शिक्षण सोडून बसले होते. १९७०च्या दशकात त्यांनी शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनगटांची रीत मांडली. तिच्यात ऐकणाऱ्यानं निवाडा द्यायचा नाही. ऐकताना कुठे चित्र दिसलं, कुठे मन भरकटलं, कोणता शब्द लक्षात राहिला, एवढंच सांगायचं. लिहिणाऱ्यानं ते मुकाट ऐकायचं, बाजू मांडायची नाही.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, लिहिण्याबरोबर जेवणखाण आणि माणसंही नकोशी झाली आहेत, असं आठवडोन् आठवडे चाललं असेल तर तो लेखनाचा प्रश्न नाही. अशा वेळी लेखक मित्रानं करायची मदत एकच, सोबत डॉक्टरांकडे जाणं.

त्या कारवीनंतर मैत्रिणीनं आणि मी बुधवारची रात्र धरली आहे. नऊला फोन लावतो. आज काय लिहायचंय ते पाच-पाच मिनिटं एकमेकींना सांगतो, ऐकणारीनं फक्त प्रश्न विचारायचे. मग फोन चालूच ठेवून टेबलावर पालथा घालतो आणि चाळीस मिनिटं कुणी बोलत नाही. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत असतो, कधी पंख्याचा. शेवटी एकेक परिच्छेद वाचून दाखवतो, कच्चा असेल तसा. गेल्या बुधवारी तिचा अनुवाद तिसऱ्या प्रकरणातल्या एका शिवीवर अडला होता. मराठीत ती शिवी कोण कुणाला, कुठल्या प्रसंगात देईल, ते ती मला वीस मिनिटं समजावून सांगत होती. चाळीस मिनिटं त्या दिवशी हुकलीच. साडेनऊला ती म्हणाली, “थांब, सापडली,” आणि फोन तसाच ठेवून लिहायला बसली.