आकडे तेच, रंग वेगळा

आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या आकड्यांतला, शुद्ध काळा घ्या: ०, ०, ०. फोटोशॉपमध्ये 'यू.एस. वेब कोटेड स्वॉप' हे वर्षानुवर्षं चालत आलेलं सेटिंग ठेवून तो सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या टक्क्यांत, बदला. (यातलं 'वेब' म्हणजे कागदाच्या रिळावरची छपाई, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही.) आकडे येतात ७५, ६८, ६७, ९०. आता पानाच्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये त्याला लागूनच एक काळी चौकट काढा, शंभर टक्के काळी शाई, बाकी तिन्ही शून्य. स्क्रीनवर दोन्ही काळे बहुधा सारखेच दिसतात. छापून आलं की फोटोतला काळा गडद, चौकट राखाडीकडे झुकलेली, आणि दोघांमधली सीमा डोळ्याला खुपते.

त्या चार आकड्यांची बेरीज करून पाहा. ३०० येते. त्या छपाईत कागद एका जागी जास्तीत जास्त तेवढी शाई पेलतो असं धरूनच ते आकडे काढलेले आहेत. म्हणजे कागद कुठला, शाई कुठली ही माहिती आकड्यांत मुरलेली असते. ती एका प्रोग्रॅमला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते, आणि फाइल इकडून तिकडे जाताना रंग फिरतो तो यामुळे.

रंग आकड्यांत पकडायची खटपट संगणकाच्या खूप आधीची. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी स्वतंत्रपणे एकाच धर्तीचे प्रयोग केले. समोर प्रकाशाचा लहानसा तुकडा, मधोमध दुभागलेला. एका अर्ध्यात शुद्ध वर्णपटातला एखादा रंग, दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळलेला. बसलेल्या माणसाने तिन्ही दिवे कमीजास्त करत राहायचं. मधली रेघ दिसेनाशी झाली की रंग जुळला. काही निळसर हिरव्या छटा मात्र काही केल्या जुळेनात. तेव्हा लाल प्रकाश उलट्या बाजूला, मूळ रंगातच मिसळावा लागला आणि हिशेबात तो उणे धरला गेला. दोन्ही प्रयोगांत मिळून माणसं होती अवघी १७. त्यांच्या नजरेच्या सरासरीवर सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' ठरवला, आणि आज आपल्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या आकड्यांचा खरा रंग सांगणारा तक्ता, त्याच पायावर उभं आहे. मला हे दरवेळी थक्क करतं. १९७६ मध्ये त्यातून लॅब ही मोजपट्टी आली, तिच्यात दोन रंगांमधलं अंतर डोळ्याला जाणवतं त्याच्या बरंच जवळ जातं.

छपाईच्या धंद्याला मात्र पुढची कित्येक वर्षं याची फारशी गरज भासली नाही. ड्रम स्कॅनरवर (चित्र फिरत्या नळकांड्यावर लावून वाचणाऱ्या यंत्रावर) बसलेला माणूस चित्राचे थेट चार शायांचे आकडे काढायचा आणि ते कुठल्या मशीनवर चढणार हे त्याला माहीत असायचं. सगळा कारभार एकहाती होता. १९६३ मध्ये लॉरेन्स हर्बर्ट यांनी आणलेल्या पँटोन पद्धतीनेही निराळ्या वाटेने हेच साधलं: रंगाला क्रमांक द्यायचा, छापील पट्टी समोर धरायची आणि शाई तशी कालवायची.

ही घडी मोडली डेस्कटॉप प्रकाशनाने. १९८५ मध्ये पेजमेकर, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९९० मध्ये फोटोशॉप. चित्र एका ठिकाणी स्कॅन व्हायचं, दुसरीकडे त्यावर काम व्हायचं, तिसरीकडे पान लागायचं आणि छपाई आणखी कुठे. जो तो प्रोग्रॅम आकडे आपल्या समजुतीने वाचायचा. दहा स्कॅनर आणि दहा प्रिंटर असतील तर प्रत्येक जोडीसाठी वेगळं, अशी शंभर रूपांतरं लागतात. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली तर वीस पुरतात.

हाच विचार घेऊन १९९३ मध्ये आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) ही संस्था निघाली. संस्थापक आठ कंपन्या: अ‍ॅडोबी, अ‍ॅग्फा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन आणि टॅलिजंट. त्याच वर्षी मॅकवर रंग जुळवणारं अ‍ॅपलचं कलरसिंकही आलं. मधली भाषा ठरली सीआयईचीच, एक्सवायझेड (१९३१ च्या प्रमाण निरीक्षकावरची मोजपट्टी) किंवा लॅब. प्रत्येक यंत्राने आपलं प्रोफाइल द्यायचं, म्हणजे 'माझ्याकडे हे आकडे आले की डोळ्याला हा रंग दिसतो' असा तक्ता.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मे घोटाळे त्यातूनच होतात. फाइलला प्रोफाइल नुसतं जोडलं तर आकडे तसेच राहतात आणि दिसणारा रंग बदलतो. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात रूपांतर केलं तर रंग होता होईल तो तसाच राहतो आणि आकडे बदलतात. फोटोशॉपमध्ये हे दोन्ही पर्याय मेन्यूत एकाखाली एक असतात. चुकीच्या ओळीवर क्लिक झालं की चेहऱ्याचा रंग लालभडक होतो आणि दोष मॉनिटरला दिला जातो.

१९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी, म्हणजे सगळ्यांसाठी एकच ठरीव आरजीबी, मांडलं. ते त्या काळच्या साध्या, काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरला धरून होतं आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. फाइल काहीच सांगत नसेल तर एसआरजीबी समजा, अशी रीत त्यातून रुळली.

मग आलं १९९८ आणि फोटोशॉप ५. तोवर फोटोशॉपच्या लेखी आरजीबी म्हणजे समोरच्या मॉनिटरचं आरजीबी. या आवृत्तीने कामाचा रंगावकाश (आकड्यांत मावणाऱ्या रंगांचा आवाका) मॉनिटरपासून तोडला. माझ्या मते रंग जुळवण्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं पाऊल. पण मूळ सेटिंग असं होतं की जुन्या फाइली उघडताच एसआरजीबीत बदलल्या जायच्या. ज्यांनी वर्षानुवर्षं छपाईसाठी रंग राखले होते त्यांचे भडक हिरवे आणि आकाशी त्यात कापले गेले. लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता.

याच आवृत्तीत 'एसएमपीटीई २४०एम' नावाचा एक रुंद रंगावकाश होता. त्याचे आकडे प्रमाणाच्या कागदपत्रांतून घेताना चूक झाली होती: प्रत्यक्ष प्रमाणाऐवजी आदर्श म्हणून दिलेली मूल्यं उचलली गेली आणि लालच्या नोंदीतही गफलत झाली. पण छपाईवाल्यांना तो सोयीचा पडला, म्हणून आकडे तसेच ठेवून ५.०.२ मध्ये फक्त नाव बदललं. आजचं अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) ते हेच. कित्येक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत आपण निवडतो तो पर्याय नजरचुकीतून जन्मला आहे.

२००० सालच्या फोटोशॉप ६ पासून प्रत्येक फाइल आपलं प्रोफाइल स्वतंत्रपणे बाळगू लागली. २००५ मध्ये अ‍ॅडोबीच्या संचातल्या प्रोग्रॅमांची रंगांची सेटिंग्ज ब्रिज या त्याच संचातल्या प्रोग्रॅममधून एकदम जुळवता येऊ लागली. मुक्त प्रोग्रॅमांच्या बाजूला १९९८ पासून मार्ती मारिया यांनी लिहिलेलं, प्रोफाइलांमधली रूपांतरं करणारं लिटल सीएमएस होतं. गिंप, स्क्रायबस, क्रिटा आणि इंकस्केप यांचं रंगांचं काम त्यावर चालत आलं आहे. गिंपमध्ये रंगव्यवस्थापन २००७ च्या २.४ आवृत्तीत पोचलं. मॅकवर गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा) १.८ चा २.२ व्हायला २००९ उजाडलं. तोवर मॅकवर सजवलेलं, प्रोफाइल नसलेलं चित्र विंडोजवर काळवंडलेलं दिसायचं.

एवढं होऊनही प्रोफाइल तेच असताना दोन प्रोग्रॅम वेगळे आकडे देतात. जो रंग छपाईत बसतच नाही, त्याचं काय करायचं हे ठरवणारे चार मार्ग आयसीसीत आहेत आणि प्रत्येक प्रोग्रॅमची मूळ निवड वेगळी असू शकते. सावल्या बुजू नयेत म्हणून अ‍ॅडोबीने आणलेली काळ्या बिंदूची भरपाई आयएसओ प्रमाण झाली ती २०१५ मध्ये. नुसत्या नावाने साठवलेल्या रंगांचं काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं: पँटोनचे संच अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅमांतून निघाले आणि अनेकांच्या जुन्या फाइलींत त्या रंगांच्या जागी काळं दिसू लागलं.

प्रोफाइल नसलेल्या फाइली आजही ढिगांनी फिरतात, आणि त्याचं एक साधं कारण आकारात आहे. एसआरजीबीचं नेहमीचं प्रोफाइल ३,१४४ बाइटचं, स्वॉपचं साडेपाचशे केबीच्या आसपास. मोडेमच्या दिवसांत लहान चित्रासाठी तीन केबीसुद्धा जड वाटायचे, म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीतली 'प्रोफाइल जोडा' समोरची खूण काढून टाकायची सवय लागली. आता स्क्रीन रुंद रंगांचे झालेत, नेट वेगवान झालं, आणि त्या खुणेची चौकट पुष्कळ ठिकाणी अजून रिकामीच असते.