फ्रॉड मॅनेजरची खुर्ची कुठून आली? खान्देशातून पाहिलेली पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या मुलामुलींना आता पुण्या-मुंबईच्या बँकांकडून ‘फ्रॉड अ‍ॅनालिस्ट’ म्हणून बोलावणे येते. पुढे त्यातलेच काही जण फ्रॉड मॅनेजर होतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो की हे काम पोलिसाचे की हिशेबनिसाचे? दोघांचेही थोडेथोडे. व्यवहारात फसवणूक आहे का ते ओळखायचे, शक्य तितका पैसा वाटेतच अडवायचा, तपास करून अहवाल लिहायचा आणि तीच पळवाट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून बँकेचे नियम बदलून घ्यायचे. पदाचे नाव नवे असले तरी या कामाची गरज आपल्या भागात फार जुनी आहे. खान्देशात फसवणुकीविरुद्धचे कायदे होते, हिशेबाची पुस्तके होती, शिक्के-सह्याही होत्या. तक्रारीची वाट न पाहता ‘हे असे का?’ असे विचारण्याचा अधिकार असलेला, व्यवहारात स्वतः न गुंतलेला माणूस मात्र बहुतेक वेळा नव्हता. त्या माणसासाठी खुर्ची कशी तयार होत गेली, त्याचा हा मागोवा.

सुरुवात सातपुड्याच्या पायथ्यापासून करावी लागते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या भिल्ल शेतकऱ्याला सावकाराने कागद वाचून दाखवायचा गहाणाचा आणि अंगठा घ्यायचा खरेदीखतावर, ही फसवणूक पिढ्यान्‌पिढ्या चालली. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. दस्त ग्रामनिबंधकासमोर करावा आणि न्यायालयाने नुसता कागद न पाहता व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास तपासावा, अशी त्यात तरतूद होती. तो मुळात पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. खान्देश त्यात नव्हता. इथल्या जमिनी जातच राहिल्या. १९७०च्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या साथीने शहाद्याची चळवळ उभी राहिली, ती याच जमिनींच्या प्रश्नावर. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी परत देण्याची वाट मोकळी केली. त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कुणी अर्ज केला नसला तरी जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो. फसवला गेलेला माणूस तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो, हे तिथे कायद्याने मान्य केले. आजच्या फ्रॉड मॅनेजरच्या कामाचा पायाही हाच आहे.

बँकांमध्ये हे भान उशिरा आले. सहकारी संस्थांना लेखापरीक्षण होते, पण लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येतो, तोवर पैसा गेलेला असतो. १९६४ मध्ये संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला आणि पुढे सरकारी बँकांत दक्षता विभाग रुजले. त्यांचा रोख मुख्यतः कर्मचाऱ्याच्या वर्तनावर. बाहेरून येणारा ठग त्यांच्या नजरेच्या मध्यभागी नव्हता. १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर ए. घोष यांच्या समितीने बँकांतील गैरव्यवहारांवर अहवाल दिला. हर्षद मेहताचे शेअर बाजारातले घोटाळा प्रकरणही त्याच वर्षी बाहेर आले. घोष समितीच्या शिफारशींतूनच पुढच्या वर्षी बँकांत समवर्ती लेखापरीक्षण सुरू झाले, म्हणजे वर्षअखेरची वाट न पाहता व्यवहार होता होता तपासणी. कर्मचाऱ्यांच्या टेबलांची ठरावीक काळाने अदलाबदल, हीही त्या अहवालातली शिफारस.

फसवणूक का होते, याचे उत्तर अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५३ मध्ये शोधले होते. पैशाची ओढाताण, मिळालेली संधी आणि स्वतःच्या मनाला दिलेले समर्थन, या तीन गोष्टी जुळल्या की विश्वासातला माणूसही घसरतो. या क्षेत्रातल्या प्रत्येक प्रशिक्षणात हा त्रिकोण आजही पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्याकडे तो सोने तारण कर्जात नीट दिसतो. जळगावला सोन्याची पारख घराघरात आहे, सराफाच्या शब्दाला वजन आहे. म्हणूनच मूल्यांककाने दागिना कसाला लावून ‘बावीस कॅरेट’ लिहिले की शाखेत सहसा कुणी पुढे विचारत नाही. शाखाधिकाऱ्याला कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे असते. मूल्यांकक कर्जदाराच्या ओळखीचा निघाला, तर आत तांबे आणि वर सोन्याचा मुलामा असलेली बांगडीही तिजोरीत जाऊन बसते. तारण दागिन्यांचे एकेक पाकीट पाहिले तर सगळे कागद बरोबर असतात. फ्रॉड मॅनेजर पाकीट एकेकटे पाहत नाही. एकाच मूल्यांककाकडून एकाच आठवड्यात किती खाती झाली, त्या कर्जदारांचे पत्ते, मोबाईल नंबर, जामीनदार एकमेकांत गुंतलेले आहेत का, व्याजाचा एक रुपयाही न भरता नूतनीकरण कुणाकुणाचे झाले, हे तो शेजारी शेजारी मांडतो. दागिने दुसऱ्या मूल्यांककाकडून, अचानक आणि शाखाधिकाऱ्याला आधी न कळवता तपासून घेतो. हा शेवटचा अधिकार नसेल तर बाकीचे सगळे कौशल्य वाया जाते.

या अधिकाराची किंमत आपल्या भागाने पतसंस्थांच्या काळात मोजली. २००० नंतरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था बुडाल्या किंवा अडकल्या. निवृत्त शिक्षकांच्या, शेतकऱ्यांच्या, लेकीच्या लग्नासाठी पैसा ठेवलेल्या बायांच्या ठेवी गोठल्या. त्यानंतर भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सोसायटीचे, म्हणजे बीएचआरचे, प्रकरण आले. तिचे मुख्यालय जळगावात आणि शाखा अनेक राज्यांत. २०१५ मध्ये संस्थापकांसह संचालकांना अटक झाली. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली गुन्हे दाखल झाले. पण तो कायदा नुकसान झाल्यावर मालमत्ता जप्त करून विकण्याचा आहे. मल्टिस्टेट, म्हणजे अनेक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थेचे निबंधक दिल्लीला. जळगावच्या ठेवीदाराने दाद मागायची तरी कुठे? विनातारण कर्जे कुणाला जातात, ती फिरून कुणाच्या खात्यात येतात, हे संस्थेच्या आत कुणीतरी विचारायला हवे होते. अशा संस्थेत जो विचारणार, त्याचा पगार संचालकच ठरवतात, हे या दुखण्याचे मूळ आहे.

बँकांत मात्र खुर्ची हळूहळू आकाराला आली. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फसवणुकीच्या जोखमीची जबाबदारी थेट बँकेच्या अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर टाकली. २०११ मध्ये गोपालकृष्ण समितीने यासाठी बँकेत वेगळा गट असावा असे सुचवले. २०१५ मध्ये मोठ्या कर्जांसाठी धोक्याच्या पूर्वसूचनांची चौकट आली. २०१७ च्या परिपत्रकाने सामान्य ग्राहकाला मोठा आधार दिला. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराचा भार ग्राहकावर पडत नाही. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचे ओझेही बँकेवरच. तरीही २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचे हमीपत्रांचे प्रकरण बाहेर आले. स्विफ्टवरून, म्हणजे परदेशी बँकांशी बोलण्याच्या संदेश-यंत्रणेवरून, गेलेले संदेश कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीत, नोंदलेच जात नव्हते आणि एकच अधिकारी वर्षानुवर्षे त्याच टेबलावर होता. टेबल बदलण्याची शिफारस तोवर पंचवीस वर्षांहून जुनी झाली होती.

यूपीआय आल्यावर कामाचा वेगच बदलला. २०२१ मध्ये सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी देशभराची हेल्पलाइन सुरू झाली, तिचाच आजचा क्रमांक १९३०. फसवलेला पैसा मिनिटाभरात चार-पाच खात्यांतून पुढे सरकतो. त्या साखळीतली भाड्याची खाती, म्हणजे म्यूल खाती, आता आपल्या तालुक्याच्या गावांतही निघतात. “दादा, तुझं खातं फक्त वापरायला दे, कमिशन मिळेल,” एवढ्या बोलण्यावर कॉलेजातली पोरे पासबुक, सिम आणि एटीएम कार्ड देऊन टाकतात आणि पुढे पोलिसांची नोटीस त्यांच्याच नावाने येते. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली आहे.

यंत्राला मात्र रावेर-यावल माहीत नसते. वर्षभर शांत पडलेल्या खात्यात अचानक तीन-चार लाख जमा झाले आणि दोन दिवसांत बहुतेक रक्कम निघून गेली, तर यंत्र लाल खूण करते. केळीची कापणी झालेल्या शेतकऱ्याच्या खात्यात नेमके हेच घडते: पैसा व्यापाऱ्याकडून येतो आणि खतवाला, मजुरी, सोसायटीची फेड यांत जातो. कापूस विकल्यावरही तसेच. त्यात व्यापाऱ्याच्या खात्यात कुठून तरी संशयित रक्कम आलेली असली, तर काही संबंध नसताना शेतकऱ्याच्या खात्यावर होल्ड लागतो आणि ऐन हंगामात त्याचे हातपाय बांधले जातात. इथे फ्रॉड मॅनेजरची खरी पारख होते. हंगाम, पीक, बाजार समितीची पट्टी, व्यापाऱ्याचे नाव हे जुळवून तो होल्ड लवकर उठवू शकतो किंवा तितक्याच ठामपणे कायम ठेवू शकतो. अहिराणी बोलणाऱ्या माणसाशी त्याच्याच बोलीत दोन मिनिटे बोलता येणे, ही या कामात मोठी पात्रता आहे असे मला मनापासून वाटते.

२७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याचे खाते ‘फसवणूक’ ठरवता येणार नाही. त्यानंतर १५ जुलै २०२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी किमान २१ दिवसांची मुदत आली. व्यापारी बँकांत या कामाची जबाबदारी किमान महाव्यवस्थापक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी, असेही ठरले. नागरी आणि ग्रामीण सहकारी बँकांसाठीही निर्देश निघाले.

त्यामुळे करिअरची वाट आता बरीच स्पष्ट आहे. एक रस्ता आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांच्या भरतीच्या, परीक्षेतून जातो: शाखेत अधिकारी म्हणून काही वर्षे कर्ज, रोख, परकीय चलन ही टेबले केल्यावर तपासणी किंवा फ्रॉड विभागात बदली मागायची. दुसरा खासगी बँका आणि पेमेंट कंपन्यांचा आहे. तिथे सुरुवात अलर्ट, म्हणजे यंत्राने दिलेल्या संशयाच्या सूचना, तपासणाऱ्या अ‍ॅनालिस्टपासून होते, रात्रपाळीसह. नंतर तपास अधिकारी, मग नियम लिहिणारा वरिष्ठ अ‍ॅनालिस्ट, मग मॅनेजर. मॅनेजर झाल्यावर अलर्ट कमी पाहावे लागतात आणि निर्णय जास्त घ्यावे लागतात. सापळा किती घट्ट ठेवायचा, किती प्रामाणिक ग्राहकांना त्याचा त्रास होईल, पोलिसांत कधी जायचे, संचालक मंडळाला काय सांगायचे, हे तो ठरवतो. आयआयबीएफ या बँकिंग शिक्षण संस्थेचा सायबर गुन्हे आणि फसवणूक व्यवस्थापनावरचा अभ्यासक्रम, सनदी लेखापालांसाठी त्यांच्याच आयसीएआय या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा (हिशेबातून फसवणूक शोधण्याचा) अभ्यासक्रम आणि पुढे सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनरची आंतरराष्ट्रीय परीक्षा, हे उपयोगी पडतात. एक्सेल आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) यायलाच हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न्यायालयात टिकेल असा, कुणावर विनाकारण ठपका न ठेवणारा अहवाल लिहिता येणे. दहा वर्षे काम केलेल्यांचेही अहवाल तिथेच कच्चे पडतात.

पतसंस्था या सगळ्याच्या बाहेर आहेत. त्या बँका नसल्याने २०२४ चे निर्देश त्यांना लागू नाहीत, आणि बँक ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही त्यांच्या ठेवीदाराला नाही. खान्देशातल्या लहान ठेवीदाराचा पैसा आजही मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडेच जातो. एकेका छोट्या संस्थेला फ्रॉड मॅनेजर परवडणार नाही, पण जिल्ह्यातल्या पतसंस्थांनी मिळून एक तपास कक्ष उभारला आणि त्याचा पगार संचालकांच्या हातात न ठेवता सामायिक निधीतून दिला, तर ते अशक्य नाही. पुण्याला गेलेल्या मुलामुलींपैकी काहींना घरी परतायला हे एक चांगले कारण होईल.