मुंबईच्या गोद्या : दरवाजापासून भरावापर्यंत

मुंबईतली पहिली गोदी कधीची, असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात : १७५०, १८७५ आणि १८८०. तिन्ही बरोबर आहेत. घोळ आहे तो 'गोदी' या शब्दाचा.

१७५० ची ती सुकी गोदी. जहाज आत घ्यायचे, दार लावायचे, पाणी काढून टाकायचे आणि तळ दुरुस्त करायचा. माल उतरवण्याशी तिचा काही संबंध नव्हता. सुरतेहून बोलावून घेतलेल्या एका पारशी कारागिराच्या घराण्याने त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. चीनवर लादलेला १८४२ चा नानकिंगचा तह ज्या युद्धनौकेवर झाला, ती याच गोदीतली. या परिसरालाही, आणि पुढे माझगावच्या जहाजबांधणीच्या कारखान्यालाही, आपण 'गोदी'च म्हणतो.

ओल्या गोदीचा हिशेब उलटा. भरतीला पाणी आत घ्यायचे आणि दार लावून ते कोंडून ठेवायचे, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी आतले जहाज तरंगत राहते. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, त्यामुळे ही सोय चैनीची नव्हती. अशी पहिली व्यापारी गोदी, म्हणजे कुलाब्याचे ससून डॉक, १८७५ मध्ये एका खाजगी पेढीने बांधली. १८८० चे प्रिन्सेस डॉक मात्र सार्वजनिक पैशातून उभे राहिले.

त्यातच 'बंदर' हा आणखी एक घोटाळा. बोरीबंदर, मशीदबंदर, वाडीबंदर, कर्नाकबंदर ही मुळात माल उतरवायचे धक्के. मोठी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि पडाव-मचव्यांतून माल या धक्क्यांवर येई. जुन्या कागदांत 'बंदरावर उतरला' असे वाचले की कुठल्या बंदरावर, हे विचारावेच लागते.

आंदणाची आणि सात बेटांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे; ती इथे सोडून देतो. बंदराच्या दृष्टीने खरा वळसा १८६० च्या दशकात पडला. अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढवला, शहरात पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये सट्ट्याचा फुगा फुटला. त्या काळात पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग भराव घालणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या हाती होता. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि बंदराची नाडी एका कंपनीच्या हाती ठेवणे सरकारला परवडेना. किनारा विकत घेण्यात आला, १८७३ मध्ये कायद्याने विश्वस्त मंडळ नेमले गेले, आणि थोड्याच वर्षांत ससून डॉकही त्याच्याकडे आले. आज तिथे मासळी उतरते.

प्रिन्सेस डॉकनंतर १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचे इंदिरा डॉक. तिच्या खोदाईतल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. या तिन्हींच्या दारांची रुंदी लक्षात ठेवण्यासारखी आहे : ६६ फूट, ८० फूट आणि १०० फूट. ज्या त्या काळच्या जहाजांना ती पुरून उरली. पण दगडी दार एकदा बांधले की रुंद होत नाही. पनामा कालव्याच्या मापाने बांधलेली जहाजे सव्वाबत्तीस मीटर रुंद झाली, आणि इंदिरा डॉकचे दार साडेतीस मीटरचे. पुढचे बरेचसे या दोन मीटरांत आले.

१४ एप्रिल १९४४ चा स्फोट व्हिक्टोरिया डॉकमध्ये झाला. एकाच जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण. गाळ उपसताना त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा नंतरही सापडत राहिल्या, आणि विटांची गोष्टच लोकांना जास्त आठवते.

कंटेनर आल्यावर पंचाईत दुहेरी झाली : दार अरुंद आणि मागे जागा नाही. उपाय म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला नवे बंदर बांधायचे ठरले. १९८९ मध्ये ते सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबई या नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यातून आली. न्हावा-शेव्याला दारच नाही. जहाज थेट धक्क्याला लागते. २०१८-१९ मध्ये तिथल्या वर्षाच्या उलाढालीने वीस फुटी मापाच्या ५० लाख कंटेनरांचा टप्पा ओलांडला.

एवढे झाल्यावर जुन्या बंदराने २००७ मध्ये जो करार केला, तो आजही समजायला अवघड जातो. गोद्यांच्या बाहेर, समुद्रात दोन धक्के बांधायचे, कंटेनरची जहाजे तिथे लावायची आणि पेट्या रचायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवायच्या. समर्थकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गोद्या उथळ, दारे जुनी, गाळाचा खर्च दरवर्षीचा, आणि शहरात दुसरीकडे एक एकरही मोकळा मिळणे अशक्य. विरोधकांचा प्रश्न साधा होता : छोट्या जहाजांना आणि बार्जना अजून उपयोगी पडणारे पाणी बुजवून टाकायचे, तर नव्या धक्क्यांपर्यंत पुरेसा खोल जलमार्ग आधी तयार का नाही? तो मार्ग खोदण्याचे काम रखडले. कंत्राटदार आणि बंदर एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. धक्के बांधून झाले, पण कंटेनर काही आले नाहीत. शेवटी तिथून निर्यातीच्या मोटारी आणि पोलाद हलवायची परवानगी द्यावी लागली. सोय म्हणून ते ठीक, पण दोन गोद्या त्यासाठी बुजवल्या नव्हत्या. बुजवलेली गोदी पुन्हा खणणे कुणी सुचवणारही नाही.

टनांच्या हिशेबात मात्र जुने बंदर मेलेले नाही. अलीकडच्या वर्षांत ते वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक माल हाताळते; त्यातला निम्म्याहून जास्त खनिज तेल आणि त्याचे पदार्थ, जवाहर द्वीप आणि पिरपावच्या धक्क्यांवरून जाणारा. तो माल कुठल्याही गोदीच्या दारातून जात नाही. इंदिरा डॉकचे साडेतीस मीटरचे दार अजून उघडते-मिटते, आणि त्यात मावतील तीच जहाजे आत येतात.