नाताळची उपासना: स्तवन आधी, सण नंतर

ख्रिस्तजन्माच्या कथेत स्तवन पहिल्यापासून आहे. त्या जन्माचा सण मात्र पुष्कळ उशिरा आला. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत मरीया, जखऱ्या, देवदूत आणि वृद्ध शिमोन देवाचे स्तवन करतात. देवदूतांचे ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ हे शब्द पुढे अनेक चर्चच्या वर्षभराच्या उपासनेत रुजले. या स्तवनांत सर्वांत धीट आहे ते मरीयेचे गीत: अधिपती आसनांवरून ओढले गेले, भुकेले तृप्त झाले आणि धनवान रिकाम्या हाती परतले, असे ती बाळाच्या जन्माआधीच गाते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा मुख्य सण पुनरुत्थानाचा होता. जन्मदिन साजरा करणारे म्हणून शास्त्रात फारो आणि हेरोद हे राजेच दिसतात, असा शेरा तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने मारला होता. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी ठोस नोंद रोममधील इ.स. ३५४ च्या एका संग्रहात सापडते आणि त्यातील मूळ यादी ३३६ ची मानली जाते. तीच तारीख का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच हा जन्म साजरा करते.

तारखेपेक्षा महत्त्वाचा वाद वेगळाच होता. शुभवर्तमानकार मत्तय सांगतो की पूर्वेकडून आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांनी बाळाला दंडवत घातले. पण उपासना तर एकट्या देवाचीच करायची असते. एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीनुसार पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला असेल, तर त्याची उपासना करणे म्हणजे निर्मितीची पूजा ठरते, असा युक्तिवाद अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियसने केला. निकिया येथे ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे आधीच ठरवले होते. त्यामुळे नाताळच्या उपासनेत केवळ एका थोर पुरुषाची जयंती नव्हे, तर देवाने देह धारण केला हा विश्वास प्रकट होतो.

१२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे असिसीच्या संत फ्रान्सिसने गवत भरलेली गव्हाणी, बैल आणि गाढव आणवले. सजावटीच्या देखाव्यांचा उगम म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, पण हे वर्णन अपुरे आहे: त्या रात्री गव्हाणीवरच मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी) अर्पण झाला आणि डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरील सेवक) असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले.

शास्त्रात आज्ञा नाही म्हणून हा सणच नको, असे प्युरिटन या इंग्लंडमधील कडव्या प्रोटेस्टंट सुधारकांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये तो रद्द केला, तर मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. पुढे त्यांच्याच वैचारिक वारशातील गीतकार आयझॅक वॉट्सने १७१९ मध्ये बायबलमधील स्तोत्र ९८ वर आधारित एक गीत प्रसिद्ध केले. त्यात गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत, बेथलेहेमही नाही. येणाऱ्या राजाचे स्वागत सारी सृष्टी करते, एवढेच आहे. आज इंग्रजीतील ‘जॉय टू द वर्ल्ड’ म्हणून ते नाताळच्या उपासनेत जगभर गाइले जाते.